मी निवडलेला वाडगा

वैशाख लागला आणि समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पुन्हा सतरंज्या पडल्या. मी आमच्या बाल्कनीतून बघतो आहे. ऊन उतरलं की एकेक जण वर येतो. हातात कापडी पिशवी, पिशवीत वाडगा आणि वाडग्याखाली ठेवायची गोल गादी. त्या गादीला ते लोक काहीतरी इंग्रजी नाव सांगतात. आमच्याकडे तिला चुंबळ म्हणतात आणि ती डोक्यावर ठेवून बायका पाण्याचे हंडे वाहतात. मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे, दांड्याने वाडग्यावर हलकेच एक ठोका द्यायचा आणि चेहरा असा करायचा की आत्ताच कुणीतरी यांच्या नावावर केळीचा मळा करून दिला. मला या लोकांचा राग येतो. मागच्या उन्हाळ्यात येत होता, यंदाही येतो आहे. फक्त रागाचं कारण बदललं आहे.

जळगावच्या उन्हाळ्याचं कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भेटलाच तर तो इथला नसणार. दुपारी टाकीतून नळाला पाणी उतरतं ते थेट चहाची पत्ती टाकावी इतकं तापलेलं. आमच्या पिंप्राळ्यात भर दुपारी रस्त्यावर रिक्षा दिसली तर समजावं, कुणाला तरी दवाखान्यात नेताहेत. स्कूटरवरच्या बायका तोंडाला असे रुमाल बांधून जातात की स्वतःची सून समोरून गेली तरी सासूला कळू नये. घरात कुलरच्या टाकीत बादल्या ओतायच्या, ओल्या गवताचा वास घेत पडायचं, आणि वीज गेली की टॉवेलने वारा घेत वीजवाल्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढायची.

या दिवसांत गच्च्यांवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घातल्या जायच्या. ज्वारी भिजवायची, दळायची, पहाटे पीठ शिजवायचं आणि ऊन चढायच्या आत जुन्या साड्यांवर ओल्या बिबड्या पसरून मोकळं व्हायचं. बायकांच्या बोटांना चटके बसायचे आणि तोंडाने अख्ख्या गल्लीची उजळणी चालायची. त्या कामात भांडण होतं, हसणं होतं, घामाचा आणि शिजलेल्या ज्वारीचा वास होता. मन शांत करायला बिबड्या घालतो आहोत असं एकही बाई म्हणाली नाही. तरी संध्याकाळी त्या भिंतीला टेकल्या की बसल्या जागी झोपायच्या.

काशाची वाटी आमच्याही घरात होती. उन्हाने डोळे जळजळायला लागले की आई तळपायांना तूप चोळायची आणि वरून ती वाटी घासत बसायची. घासून घासून तूप काळं व्हायचं. "देख, कितली उष्णता निंघनी," असं ती दरवेळी म्हणायची. उष्णता निघायची की नाही देव जाणे. पण त्या वाटीने कधी चक्रं जागी करण्याचा दावा केला नाही, आणि ती हिमालयातून आली असंही आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मी कासार. धुळ्याच्या भांडे बाजारात आमचं तीन पिढ्यांचं दुकान होतं. कासाराचं भांडवल काय, तर कान. काशाचं भांडं पाच बोटांच्या टोकांवर उचलायचं, तळवा लागू द्यायचा नाही, आणि काठावर नखाने टिचकी मारायची. भांडं बोलतं. चांगलं कासं एकदा बोललं की बोलतच राहतं, आपण दुसऱ्या गिऱ्हाइकाशी चार वाक्यं बोलून परत आलो तरी त्याचं चालूच असतं. कुठे केसाएवढी चीर गेलेली असली की तेच भांडं बद्द बोलतं आणि लगेच गप्प होतं. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. साक्री, शिरपूर, दोंडाईचाहून लोक भांडी घेऊन माझ्याकडे यायचे. मी खाली मान घालून वही लिहीत असायचो, ते टिचकी मारायचे, मी मान वर न करता सांगायचो. असं सांगण्यातला माज मला फार आवडायचा. मला शिक्षण नाही, आवाज नाही, रूप नाही. कान होता, आणि त्या कानावर मी चाळीस वर्षं बाजारात ताठ मानेने वावरलो.

मग लोकांनी काशात जेवणं सोडलं. स्टील आलं, त्यामागून काळे नॉनस्टिक तवे आले. ते कसे वाजतात हे मी सांगणार नाही, मला शिव्या लिहायच्या नाहीत. दुकान विकलं. पुण्यात असलेल्या मुलाने इथे पिंप्राळ्यात फ्लॅट घेऊन ठेवला होता, त्यात मी आणि मंदा राहायला आलो. मंदा म्हणजे माझी बायको. इथे मला सगळे नाना म्हणतात आणि मी आयुष्यभर काय केलं ते कुणालाही माहीत नाही.

मागच्या उन्हाळ्याआधीच्या थंडीत मंदाची धाकटी बहीण गेली. अंगणात तुळशीला पाणी घालता घालता बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून मंदाची झोप गेली. दुपारी कुलरसमोर शेजारी पडायची तेव्हा मला वाटायचं झोपली, आणि बघावं तर डोळे छताला लागलेले. छातीत धडधडतं म्हणायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि मन कशात तरी गुंतवा असाही सल्ला दिला. मन गुंतवायला समोरच्या बिल्डिंगमधल्या स्मिता मॅडम टपलेल्याच होत्या. चाळिशीची, पांढऱ्या कपड्यांतली बाई. इतकं हळू बोलते की नुसते ओठ हलताना दिसतात. हळू बोलणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं असतं तो मोठ्याने सांगतो. या बाई सुट्टी लागली की गच्चीवर ध्यानाचा वर्ग घेतात आणि त्याला सिंगिंग बाऊल लागतो, आपापला.

मागच्या वर्षी पाडव्यानंतरच्या आठवड्यात मंदा माझ्यासमोर येऊन बसली. आम्ही एरवी चारचौघांत शुद्ध बोलतो, पण घरात काही मनातलं काढायचं असलं की अहिराणीच तोंडात येते.

"तुम्हीन माले बाऊल निवडी द्या," ती म्हणाली. "तुमना कान शे ना."

"वाटीले वाटी म्हन. बाऊल काय म्हनस?"

"वाटी म्हना, नहीतर हंडा म्हना. माले झोप येत नही हो. एक चांगला देखी द्या."

मी बराच वेळ बडबडलो. सात धातू, सात ग्रह, पौर्णिमेला ओतलेला रस, हे सगळं थोतांड आहे. काशात तांबं आणि कथील असतं, बाकी सगळं दुकानदाराचं तोंड असतं, वगैरे. पण खरं सांगायचं तर मला आत गुदगुल्या झाल्या होत्या. दुकान विकल्यापासून कुणी माझा कान मागितला नव्हता. उलट त्याच्याबद्दल वाईट बोलायला लागले होते. मुलगा फोनवर म्हणायचा, बाबा, टीव्ही किती मोठा लावलाय. शेजारी म्हणायचे, नाना, तीनदा बेल वाजवली. मी बेल दोनदा बदलली. कुकरच्या शिट्ट्या हल्ली बारीकच करतात, दुधाचं भांडं हल्ली उतू जाताना आवाजच करत नाही, असं मी मंदाला पटवून देत होतो. ती हो म्हणत होती. मनात मलाही शंका होती. मी ती कुणाजवळ बोललो नव्हतो, कारण कान गेला तर माझ्याजवळ उरत काय होतं? वाडगा निवडायचा म्हणजे एकदाचा निकाल लागणार होता. मी कपाटातला इस्त्रीचा सदरा काढून घातला.

दुकान शहरातल्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये. आत शिरताच उदबत्तीचा इतका धूर की दत्ताच्या देवळातही नसतो. काचेच्या फळ्यांवर लहानमोठे पंचवीस-तीस वाडगे मांडलेले. मी एक उचलला आणि बघताक्षणी कळलं. हातोडीचे ठोके सगळे एकसारखे, एका मापाचे. माणसाने ठोकलेल्या भांड्यावर दोन ठोके कधी सारखे पडत नाहीत. हे यंत्राने दाबून काढलेले ठोके. वर काळपट रंग फासून जुनं केलेलं. काठाखाली कोरलेली अक्षरं, ती कुणाला वाचता येतात ते देव जाणो.

काउंटरवर एक पोरगी होती. तिने सुरुवात केली. "सर, हा हृदयचक्राचा आहे. हा कंठाचा. मॅडमना कशासाठी हवाय?"

"झोपेसाठी," मी म्हणालो, "आणि तुम्ही जरा गप्प बसा, मला ऐकू द्या."

मंदा कुलरजवळच्या खुर्चीवर बसून बाटलीतून पाणी पीत होती. रिक्षातून येताना तिला ऊन लागलं होतं. मी एकेक वाडगा पाच बोटांवर घेतला, टिचकी मारली. एक गेला, दुसरा गेला. सगळे लगेच गप्प होत होते. हलका माल, मी मनात म्हणालो, यात कथीलच नाही. पोरगी दांडा पुढे करत होती, काठावरून फिरवून बघा म्हणत होती. दांड्याने भांडं बघायला मी काय गिऱ्हाईक होतो? काउंटरच्या टोकाला, सगळ्यांच्या पुढे, एक मोठा वाडगा होता. टिचकी मारली. खोल, जाड आवाज आला, छातीत उतरला. हाच.

"सर, तो नका घेऊ, तो डिस्प्लेचा पीस आहे," पोरगी घाईने म्हणाली. "तो हाताळलेला आहे. आतून नवा काढून देते."

इथे मी खुदकन हसलो. चाळीस वर्षं भांडी विकलेल्या माणसाला ही शिकवते. धुळ्यात आम्ही काय करायचो? सगळ्यात अस्सल भांडं दाराशी मांडायचो. गिऱ्हाईक त्याच्यावर भाळायचं आणि बांधून देताना आतून दुसरं निघायचं. सगळा बाजार हेच करायचा, मीही केलं आहे. दारातलं भांडं सोडायला दुकानदार खळखळ करतो तेव्हा समजायचं की माल तिथेच आहे.

"हाच द्या," मी म्हणालो. "आतलं तुमच्या घरी ठेवा."

तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी तिने वाडगा कागदात गुंडाळला. मी त्याला डोळ्यांनी एकदाही नीट पाहिलं नाही. भांडं डोळ्यांनी पाहतो तो कासार नाही, हे वडिलांनी मला शिकवलं होतं.

घरी आल्यावर मंदाने वाडगा चुंबळीवर ठेवला आणि पहिला ठोका दिला. तिचा हात तसाच वर राहिला. ती माझ्याकडे बघायला लागली, मग वाडग्याकडे, मग परत माझ्याकडे.

"कसा शे?" मी विचारलं.

"बेस शे," ती म्हणाली. "एक नंबर."

त्या क्षणाला मी शांती समजलो. बायकोच्या चेहऱ्यावर शांती उतरली, आणि ती माझ्या कानाने आणून दिली. त्या दिवशी मी दोन वेळा आमरस मागून घेतला.

मग तो उन्हाळा सुरू झाला. मंदा रोज ऊन उतरल्यावर समोर जायची आणि घरी सकाळी देवपूजेनंतर वाडगा घेऊन बसायची. बाकीचे लोक दांडा काठावरून गोल फिरवतात, त्याने म्हणे वाडगा गायला लागतो. मंदा नुसते ठोके द्यायची. मी टोकायचो, अगं फिरव की. ती म्हणायची, हात दुखतो. मी शेजारी बसून पेपर वाचायचो आणि तोंडाने टोमणे मारत राहायचो. कुठलं चक्र जागं झालं गं आज? भाजीवाला आलाय, त्याचं चक्र खाली थांबलंय. वर्गातल्या लोकांचीही मी भरपूर टिंगल केली. त्यात एक रिटायर्ड मास्तर आहेत, फैजपूरकडचे. ध्यानात बसले की त्यांच्या नाकातून शिट्टी वाजते म्हणे. मी म्हणालो, त्यांना वाडग्याची गरजच नाही.

ज्येष्ठ लागेपर्यंत मंदा झोपायला लागली. दुपारी पडली की दहा मिनिटांत तिचा श्वास लांब व्हायचा. धडधड कमी झाली. याचं श्रेय मी स्मिता मॅडमला कशाला देऊ? वाडगा कुणी निवडला होता? मी जिन्यात भेटेल त्याला सांगायचो, आमच्या घरातला वाडगा मी कानाने निवडलाय, तुमचे सगळ्यांचे वाडगे नुसतं रूप बघून घेतलेले आहेत. लोक माना डोलवायचे. हो नाना, म्हणायचे. त्यांचं ते हो नाना आठवलं की आजही माझ्या कानशिलांतून वाफ निघते.

एका संध्याकाळी मी मंदासोबत वर गेलो. वर्गाला हजेरी लावायला नव्हे, पाहणी करायला. लाइट गेलेली, घरात बसवत नव्हतं, हे एक निमित्त. गच्चीची फरशी अजून तळपायांना चटके देत होती. वीसेक माणसं सतरंजीवर, प्रत्येकापुढे वाडगा. स्मिता मॅडमनी मला पाहून हात जोडले आणि काहीतरी पुटपुटल्या. मंदाने मला मोठ्याने सांगितलं की आज एकेकाचा वाडगा वाजणार आहे, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि आवाज पूर्ण संपला की हात वर करायचा. शेवटच्या कणापर्यंत ऐकायचं, हेच ध्यान.

मला हे जमण्यासारखं वाटलं. चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय होतं?

पहिला वाडगा मास्तरांचा. ठोका पडला, मी ऐकलं, संपलं, हात वर केला. डोळे उघडून बघतो तर एकाही माणसाचा हात वर नाही. सगळे डोळे मिटून बसलेले. मी थांबलो. माझा खांदा अवघडला. कितीतरी वेळाने एक हात वर गेला, मग दुसरा, मग चार-पाच. मला हसू फुटलं. ढोंगी! शेजारचा अजून ऐकतो आहे म्हटल्यावर पहिला हात वर कोण करणार? आवाज केव्हाच मेला आणि हे त्याच्या मयताला बसले आहेत.

दुसरा वाडगा, तेच. तिसरा, तेच. मी डोळे मिटणं सोडूनच दिलं. उघड्या डोळ्यांनी एकेकाचं ढोंग पकडत बसलो. पण चौथ्या-पाचव्याला एक गोष्ट मला टोचायला लागली. डोळे मिटलेले असूनही ही माणसं जवळजवळ एकाच वेळी हात वर करत होती. एकमेकांना न बघता वीस माणसं एकाच क्षणी खोटं कसं बोलतील?

मग मंदाची पाळी आली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी वर आलो ही चूक झाली असं मला तिच्या त्या बघण्यावरून वाटलं. तिने ठोका दिला. माझ्यापर्यंत तोच खोल, जाड आवाज आला, छातीत उतरला आणि थांबला. मी हात वर करायच्या आत सगळ्या गच्चीवर हात वर गेले होते. वीसच्या वीस. लगेच.

भांडं लगेच गप्प झालं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या गच्चीवर ते सगळ्यात चांगलं मलाच माहीत होतं. इतर वाडगे बोलत राहिले होते, मला ते ऐकू येत नव्हते. आणि मी निवडलेला वाडगा खरोखरच गप्प झाला होता. कुणी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं नाही. स्मिता मॅडमनी पुढच्या माणसाला खूण केली.

घरी आल्यावर मी वाडगा मांडीवर घेतला. काठावरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. त्या कोरलेल्या अक्षरांच्या वर, काळ्या रंगाखाली, नख अडकलं. केसाएवढी चीर, बोटभर लांब. हा वाडगा कधीतरी त्या काउंटरवरून पडला होता, आणि ती पोरगी मला तेच सांगू बघत होती. दांडा काठावरून फिरवला असता तर त्याने चिरीवर थरथरून खरखर केली असती. म्हणून मंदाचा हात दुखत होता.

"तुले मालूम व्हतं?" मी विचारलं.

मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पह्यल्या दिनपाइन," ती म्हणाली.

"आनि त्या लोकेस्ले?"

"मी सांगेल व्हतं त्यास्ले. म्हन्तं, नानास्ले बोलू नका."

मला इतका संताप आला की वाडगा मी फरशीवर आपटणार होतो. म्हणजे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. मी जिन्यात छाती फुगवून सांगायचो तेव्हा मास्तरांपासून खालच्या किराणावाल्यापर्यंत सगळे माझ्यावर दया करत होते. दोन महिने! मी ओरडलो. म्हणालो, तू मला लोकांसमोर वेडा ठरवलंस, एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी दुसरा आणला असता, काबर सांगं नही?

ती आवाज न चढवता म्हणाली, "फुटेल शे असं चार लोकेस्मा सांगेल मी एकदाव देखेल शे."

आणि भाकरी थापायला आत गेली.

आमचं लग्न वैशाखातलं. दोंडाईचाजवळच्या तिच्या गावी, भर उन्हात, शाळेच्या पटांगणात मांडव. अक्षता पडल्या आणि आंदणाची भांडी मांडवात मांडली गेली. आमच्यात तेव्हा पाच भांडी देत, आणि त्यात मानाची काशाची थाळी. मंदाच्या वडिलांनी, आबांनी, ती स्वतःच्या हाताने आणून माझ्यासमोर ठेवली. मी चोवीस वर्षांचा नवरदेव, कासाराचा पोरगा, भोवती मित्र. मी थाळी पाच बोटांवर उचलली आणि टिचकी मारली. हळू बोलता आलं असतं. परत ठेवून देता आली असती. मी मोठ्याने म्हणालो, "हाई थाळी फुटेल शे!"

मांडव हसला. "नवरदेवना कान देखा रे भो!" असं कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा झाला. माझे वडीलही हसले, त्यांना अभिमान वाटला. माझ्या कानाचं नाव त्या दिवशी झालं, पुढे चाळीस वर्षं चाललं. आबांनी थाळी उचलली, उपरण्याखाली झाकली आणि मांडवातून निघून गेले. पंगती बसल्या, उठल्या. माझ्या आईने विचारलं, व्याही कुठेत? कुणाला माहीत नव्हतं. आमची गाडी निघायच्या वेळी ते आले, तालुक्याच्या बाजारात जाऊन, दुसरी थाळी घेऊन. कपडे घामाने अंगाला चिकटलेले, ओठ पांढरे पडलेले. त्यांनी थाळी खिडकीतून मंदाच्या मांडीवर ठेवली आणि मला म्हणाले, "हाई देखी ल्या, जवाईबुवा." मी तीही टिचकी मारून बघितली. खरंच बघितली. लेकीच्या लग्नात तो माणूस जेवला नाही.

थाळी फुटलेलीच होती. हे मी आजही कुणालाही सांगेन. पण मंदाने एवढ्या वर्षांत तो विषय एकदाही काढला नव्हता, आणि मी समजत होतो की ती विसरली.

दुसरा वाडगा आणतो असं मी तिला म्हणालो. ती नको म्हणाली, झोप येस ना, मंग काय. यंदाही तिने तोच नेला आहे. मला कानात घालायचं यंत्र मिळालं आहे, ते मी ड्रॉवरमध्ये ठेवतो. त्यातून सगळ्या जगाचा आवाज भांड्यावर राख घासल्यासारखा येतो. मुलगा चिडतो. चिडू दे.

आयुष्यभर मी भांड्यांत ऐकलं ते फक्त एवढंच, की चीर कुठे आहे. समोर बसलेली माणसं मिटल्या डोळ्यांनी काय ऐकतात हे मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण मागच्या वर्षी चीर सापडली त्या रात्री मी मंदासमोर जेवायला बसलो. ती नेहमीसारखी वाढत होती. तिच्या वडिलांचं तोंड माझ्या ताटासमोर येऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी तिच्याआधी गच्चीवर गेलो. सगळे जमेपर्यंत कठड्याशी उभा राहिलो. मंदा आली, मला पाहून दचकली. मी तिच्या हातातून वाडगा घेतला, सतरंजीच्या मधोमध उभा राहिलो आणि मांडवात बोललो होतो तेवढ्याच मोठ्या आवाजात बोललो.

"हा वाडगा फुटलेला आहे. मी निवडला. मला ऐकू येत नाही."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराने पुसायला घेतला. स्मिता मॅडमचे ओठही हलले नाहीत. मंदा फरशीकडे बघत होती. मी वाडगा हातात धरून उभाच होतो, वाट बघत, एकेकाच्या तोंडाकडे बघत. कुणी हसलं नाही. निदान एकाने तरी हसायला हवं होतं.